वाचक की भागधारक?

लेखकाला काय हवे असते, हा प्रश्न गेल्या दहा वर्षांत साहित्यिकांपेक्षा संगणकतज्ज्ञांनीच अधिक उत्साहाने विचारला आणि त्याचे उत्तरही त्यांनीच देऊन टाकले. ब्लॉकचेनवर उभारलेले लेखनमंच हे ते उत्तर. लेखकाला पैसा हवा, तो टोकनांच्या रूपाने मिळेल. लेखन टिकावे असे वाटते, ते पुसता न येणाऱ्या वहीत नोंदले जाईल. मालकी हवी, तिचा दाखला गणित देईल. मधला संपादक-प्रकाशक नको, तो काढून टाकू. अशी ही चतुःसूत्री आहे. साहित्य शिकणाऱ्या आणि शिकवणाऱ्या बहुतेकांनी हा सट्टेबाजांचा खेळ म्हणून त्याकडे पाठ फिरवली. आम्हाला ती भूमिका मान्य नाही. या चारही मागण्या खऱ्या आहेत, जुन्या आहेत आणि आपल्याच व्यवहारातल्या उणिवांतून आलेल्या आहेत. चुकले आहे ते उत्तर. ते कोठे चुकले हे सांगणे साहित्याच्या अभ्यासकाचे काम आहे, संगणकतज्ज्ञाचे नव्हे.

आधी मागण्यांविषयी. मराठीत लिहिणाऱ्याला मानधनाचा विषय काढताना अजूनही संकोच वाटतो, आणि तो वाटावा अशीच व्यवस्था आहे. कवीने स्वतःच्या खर्चाने संग्रह काढावा, वर 'प्रकाशित झाले' याचा आनंद मानावा. आवृत्ती किती प्रतींची हे लेखकाने विचारू नये. दिवाळी अंकाच्या मानधनाची वाट पुढची दिवाळी येईपर्यंत पाहावी. हे नवीन नाही. आमच्यापैकी एकाचा लेख एका अंकात शेवटचे दोन परिच्छेद गाळून छापला गेला. ऐनवेळी जाहिरात आली, असे कारण नंतर कळले. लेखाचा निष्कर्ष त्याच दोन परिच्छेदांत होता. महाजालावर गेलो तर तेथेही घर भाड्याचेच. २००९ मध्ये जिओसिटीज बंद झाले, २०१४ मध्ये ऑर्कुट, २०१९ मध्ये गूगल प्लस; प्रत्येक वेळी कोणाच्या तरी कविता, वाद आणि पत्रे गेली. तेव्हा 'पैसे देऊ, पुसू देणार नाही, कापू देणार नाही' असे कोणी म्हणाले तर तरुण लेखक तिकडे वळतो, यात त्याचा दोष नाही.

या मंचांच्या मुळाशी असलेली कल्पनाही थोडक्यात समजून घेऊ. ब्लॉकचेन म्हणजे अनेक संगणकांवर एकाच वेळी ठेवलेली खातेवही. नोंदींचे गठ्ठे एकामागून एक जोडले जातात आणि प्रत्येक गठ्ठ्यात आधीच्या गठ्ठ्याचा गणिती ठसा असतो. मागची एखादी नोंद बदलली की पुढचे सगळे ठसे चुकतात आणि फेरफार उघडा पडतो. ३ जानेवारी २००९ ही तारीख असलेल्या बिटकॉइनच्या पहिल्या गठ्ठ्यात लंडनच्या 'टाइम्स'चा त्या दिवशीचा एक मथळा नोंदवलेला आहे. या वहीत हिशेबाबरोबर मजकूरही राहू शकतो, हे अशा रीतीने पहिल्याच पानावर दिसले.

आता पहिली मागणी : पैसा. २०१६ साली सुरू झालेला 'स्टीमिट' हा या जातीचा सर्वांत गाजलेला मंच. त्याची रीत अशी : मंचामागची यंत्रणा सतत नवी टोकने निर्माण करी आणि त्यांतला मोठा वाटा लेखांवर पडलेल्या मतांच्या प्रमाणात वाटला जाई. मते मात्र सर्वांची सारखी नव्हती. ज्याने जितकी टोकने मंचात गुंतवून ठेवली, तितके त्याच्या मताला वजन. मत देणाऱ्यालाही वाटा मिळे. ऑगस्ट २०१९ मधील बदलानंतर तो लेखकाच्या बरोबरीने निम्मा झाला. पुढे अनेकांची मते पडतील असा लेख हेरून त्याला वेळीच मत देणे फायद्याचे होते. आणि लेखाची कमाई प्रसिद्धीनंतरच्या सात दिवसांपुरती. आठव्या दिवशी कोणी तो लेख वाचून भारावून गेला, तरी लेखकाच्या पदरात त्यातले काही पडत नसे.

या रचनेत वाचनाचे काय होते ते पाहावे. वाचक लेखासमोर बसतो तेव्हा 'हे मला कसे वाटले?' हा त्याचा प्रश्न असतो. येथे त्याच्या जागी 'हे इतरांना आवडेल का, आणि त्यांच्या आधी मी मत देऊ शकेन का?' हा प्रश्न आला. हा शेअरबाजारातला प्रश्न आहे. तो विचारण्यासाठी लेख वाचावाही लागत नाही; म्हणूनच स्टीमिटवर न वाचता आपोआप मत देणारे प्रोग्राम आले, आणि त्यापाठोपाठ पैसे घेऊन वजनदार मते विकणाऱ्या यंत्रणाही आल्या. लेखक आपल्याच लेखावर मते विकत घेऊ लागला. ज्याला मानधन हवे होते तो जाहिरातीचा खर्च करू लागला. व्यवस्थेच्या रचनाकारांना हे अभिप्रेत नसेल. पण मत म्हणजेच पैसा असे ठरल्यावर दुसरे काय होणार होते?

समीक्षेचे काय झाले हा प्रश्न तर आमच्या वाचकांच्या विशेष जिव्हाळ्याचा. स्टीमिटवर विरोधी मतही देता येई, आणि त्याने लेखकाची कमाई प्रत्यक्षात घटे. म्हणजे 'ही कथा फसली आहे' असे म्हणणाऱ्याने कथेबद्दल मत दिले असे राहिले नाही. त्याने कथाकाराच्या खिशात हात घातला, असे झाले. साहजिकच त्याचा सूड घेतला जाई. बड्या खातेदारांनी एकमेकांच्या लेखांवर विरोधी मतांचा मारा करण्याचे प्रसंग तेथे वारंवार घडले. ज्याच्यापाशी भांडवल थोडे, तो गप्प बसे. मराठीत समीक्षक कंपूशाहीने वागतात ही तक्रार आम्हीही केलेली आहे. पण कंपूतला समीक्षकही निदान कारणे देण्याचे सोंग करतो, आणि त्या कारणांचा प्रतिवाद करता येतो. भांडवलाचा प्रतिवाद कसा करणार?

सात दिवसांच्या मुदतीबद्दलही दोन शब्द. 'अरुण कोलटकरच्या कविता' हा संग्रह १९७७ मध्ये आला आणि 'भिजकी वही' २००३ मध्ये. मधले सुमारे पाव शतक मराठी वाचक त्या पहिल्या संग्रहाशी झगडत, त्याला नाकारत, पुन्हा उघडत राहिला. २००५ मध्ये 'भिजकी वही'ला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला तेव्हा कवी हयात नव्हता. हा उशीर कोलटकरांवरचा अन्याय होता असे कोणी म्हणेल. आम्ही म्हणतो, त्या कवितेला लागणारा वाचक घडायला तेवढा वेळ लागला. साहित्याचा काळ सात दिवसांच्या हिशेबात बसत नाही, हे ज्या व्यवस्थेला ठाऊक नाही तिने लेखकाला काय हवे हे सांगू नये.

दुसरी मागणी मालकीची. 'येथे कोणी मालक नाही' ही या मंचांची सर्वांत आवडती घोषणा. तिचे काय झाले हे २०२० साली उघड झाले. फेब्रुवारी २०२० मध्ये स्टीमिट ही कंपनी ट्रॉनचे संस्थापक जस्टिन सन यांनी विकत घेतली. कंपनीबरोबर तिच्या हातातला टोकनांचा प्रचंड साठाही आला. हा साठा मतदानासाठी वापरला जाऊ नये, अशी समाजाची समजूत होती. ती मोडेल या भीतीने वही सांभाळणाऱ्या निवडलेल्या 'साक्षीदारां'नी तो साठा गोठवला. २ मार्च २०२० रोजी काही मोठ्या क्रिप्टो-बाजारांनी ग्राहकांनी आपल्याकडे ठेवलेली टोकने वापरून मतदान केले आणि ते साक्षीदार हटवले गेले. ज्यांची टोकने होती त्यांना कोणी विचारले नव्हते. २० मार्चला विरोधी गट फुटून निघाला आणि त्याने 'हाइव्ह' ही वेगळी साखळी सुरू केली. तेथेही नव्या टोकनांच्या वाटपातून सन यांच्या बाजूच्या काही खात्यांना वगळण्यात आले. मे महिन्यात स्टीमच्या साखळीवर ६४ खात्यांतील सुमारे २ कोटी ३६ लाख टोकने एका बदलाने काढून घेण्यात आली.

या तपशिलात आम्ही शिरलो ते कोणाची बाजू घेण्यासाठी नव्हे. 'बदलता न येणारी' म्हणून जिची ख्याती, त्या वहीचे नियम पुरेसे वजन असलेल्यांनी ठरवले की बदलतात. या साऱ्या घडामोडीत तेथे कथा-कविता लिहिणाऱ्यांचे मत किती मोजले गेले? त्यांच्या टोकनांइतकेच, म्हणजे बहुतेकांचे नगण्य. जुना प्रकाशक निदान एका पत्त्यावर सापडतो आणि त्याच्यावर दावा लावता येतो. आपल्याकडे १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचे ५७ वे कलम हक्क विकल्यानंतरही लेखकाचा स्वतःच्या कृतीवरचा विशेष अधिकार मान्य करते. मन्नू भंडारी यांनी 'आपका बंटी'वरून केलेल्या चित्रपटातील विपर्यासाविरुद्ध त्याच कलमाचा आधार घेतला, आणि दिल्ली उच्च न्यायालयाने १९८६ मध्ये या अधिकाराची व्याप्ती स्पष्ट केली. ही मालकी कायद्याने आणि भांडणाने मिळालेली आहे.

मालकीच्या दाखल्यातही एक गफलत आहे. ही वही अमुक मजकूर अमुक क्षणी अमुक किल्लीधारकाने नोंदवला एवढेच सांगते. तो कोणी रचला हे सांगत नाही. हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांच्या प्रकल्पात महाराष्ट्रातल्या गावोगावच्या बायकांकडून एक लाखाहून अधिक जात्यावरच्या ओव्या गोळा झाल्या, आणि त्यांच्याबरोबर गाणाऱ्या बाईचे नाव व गावही नोंदवले गेले. उद्या एखाद्याने त्यांतल्या शंभर ओव्या स्वतःच्या किल्लीने साखळीवर चढवल्या, तर गणित त्याच्याच बाजूने साक्ष देईल, आणि ती साक्षही पुसता येणार नाही. जात्यापाशी बसून नाव विचारणाऱ्या माणसाचे काम ठशाने होत नाही.

तिसरी मागणी टिकण्याची. येथे आपली परंपराच सर्वांत चांगली शिक्षिका आहे. प्रतीप्रतीगणिक बिघडत गेलेली ज्ञानेश्वरी एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली शुद्ध केली आणि यापुढे कोणी तीत स्वतःची ओवी घुसडू नये असा कडक इशारा शेवटी दिला. पाठ अढळ असावा ही इच्छा तेव्हापासूनची आहे. पण एकनाथांनी ती ज्ञानेश्वरी वाचून, पाठांची तुलना करून, विवेकाने पूर्ण केली. ब्लॉकचेन असते तर बिघडलेला पाठही तितक्याच निष्ठेने जपला गेला असता. वहीला शुद्ध-अशुद्ध कळत नाही.

महानुभावांचे उदाहरण याहून बोलके आहे. त्यांनी आपले ग्रंथ सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत बंद केले. किल्ली ज्याच्यापाशी त्यालाच मजकूर खुला, अशी ती व्यवस्था होती. ग्रंथ सुरक्षित राहिले. पण विसाव्या शतकाच्या आरंभी वि. का. राजवाड्यांनी त्या लिपीचा उलगडा करीपर्यंत मराठीच्या मुख्य प्रवाहातला वाचक त्या अपूर्व गद्याला जवळपास पारखा राहिला. आणि 'लीळाचरित्रा'ची मूळ प्रत धाडीत गेल्यावर, परंपरा सांगते त्याप्रमाणे, अनुयायांच्या स्मरणातून ते पुन्हा उभे करावे लागले. त्यामुळेच त्याचे वेगवेगळे पाठ आहेत. तुकोबांच्या वह्या इंद्रायणीत बुडवल्याची कथा सर्वांना ठाऊक आहे. त्या पाण्यावर तरल्या असे भाविक म्हणतो; लोकांच्या ओठांवर अभंग होते म्हणून तरल्या, असे इतर म्हणतात. दोघांच्याही म्हणण्यात कागदाच्या दर्जाचा उल्लेख नाही. जपणूक आणि वाचन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि पहिली दुसरीची जागा घेऊ शकत नाही.

तरीही प्रतिपक्षाचे सर्वांत बळकट उदाहरण आम्ही टाळणार नाही. एप्रिल २०१८ मध्ये पेकिंग विद्यापीठातल्या एका विद्यार्थिनीचे लैंगिक अत्याचाराच्या जुन्या प्रकरणाबद्दलचे खुले पत्र चीनच्या महाजालावरून भराभर पुसले जात होते, तेव्हा कोणी तरी ते इथेरियमच्या एका व्यवहारात नोंदवून ठेवले. ते आजही तेथे आहे. ज्या देशात खोडरबर सरकारच्या हातात आहे, तेथे अशी वही हे शस्त्र आहे, आणि आपल्याकडे त्याची गरज कधीच पडणार नाही असे म्हणण्याचे धाडस आम्ही करणार नाही. एवढेच लक्षात आणून देतो की त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये, कामगारांच्या एका लढ्याला पाठिंबा देत असताना, तीच विद्यार्थिनी पोलिसांच्या हाती सापडली आणि लोकांच्या दृष्टीआड झाली. वहीने पत्र राखले. लिहिणारीला राखण्याचे सामर्थ्य तिच्यात नव्हते.

आणि उलट बाजूही आहे. जानेवारी २०१५ मध्ये तमिळ कादंबरीकार पेरुमाळ मुरुगन यांनी धमक्यांना कंटाळून आपल्यातला लेखक मेला असे जाहीर केले आणि आपली पुस्तके मागे घेतली. जुलै २०१६ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने निकाल दिला आणि त्यांनी पुन्हा लिहायला घेतले. झुंडीपुढे लेखकाला झुकावे लागणे लाजिरवाणेच आहे. पण ज्याला त्याच गावात, त्याच गल्लीत राहायचे आहे, त्याला 'आता तुझे वाक्य तुलाही मागे घेता येणार नाही' असे सांगणाऱ्या वहीने त्याला स्वातंत्र्य दिले म्हणावे का? लेखकाला टिकण्याचा हक्क हवा असतो, तसाच बदलण्याचाही. साखळीवर सुधारलेला मजकूर चढवता येतो, पण जुना मसुदा मागच्या पानावर कायम उभा असतो. विसाव्या वर्षी लिहिलेली कविता पन्नासाव्या वर्षी नाकारण्याचा अधिकार ज्याला नाही, तो आपल्या लेखनाचा मालक कसा?

चौथी मागणी मधला माणूस नको, ही. 'मिरर' या मंचाने २०२१ च्या आरंभी लेखकांना प्रवेश देताना दर आठवड्याला मतदान घेतले. निवडून आलेल्यांनाच तेथे लिहिता येई. ते दार त्याच वर्षी सर्वांना खुले झाले, पण संपादकाला हटवणारे दारावर मतपेटी ठेवतात हे दिसून गेले. पुढे २०२४ मध्ये तो मंच 'पॅराग्राफ'कडे गेला. पत्रकारितेसाठी निघालेल्या 'सिव्हिल'ची टोकनविक्री ऑक्टोबर २०१८ मध्ये ८० लाख डॉलरांची किमान मर्यादाही गाठू शकली नाही, आणि जून २०२० मध्ये तो प्रयोग आवरला गेला. आमच्या साठोत्तरी लघुनियतकालिकांनीही प्रस्थापित संपादकाला नाकारले होते. पण 'अथर्व' आणि 'असो' काढणारे अशोक शहाणे, 'वाचा' काढणारे भालचंद्र नेमाडे हे स्वतःच अतिशय चोखंदळ संपादक होते. जुने संपादन मोडून त्यांनी नवे, अधिक कडक संपादन उभे केले. ज्याचे परिच्छेद गाळले गेले त्याच आमच्या सहकाऱ्याचा दुसरा एक लेख एका संपादकाने तीन वेळा परत पाठवला होता. चौथ्या खेपेस तो छापला गेला, आणि आजही तो नाकारावासा त्याला वाटत नाही. मतांच्या बेरजेने लेख परत येत नाही. तो फक्त खाली ढकलला जातो.

मग आमचे म्हणणे काय? आम्ही तंत्राला शिव्या देऊन थांबत नाही. सीमेपलीकडचा वाचक लेखकाला परस्पर चार पैसे पाठवू शकतो, हे चांगले आहे; फक्त ते टोकनांत पाठवताना २०२२ पासून भारतात अशा मालमत्तेच्या हस्तांतरणातील नफ्यावर ३० टक्के कर लागतो, हे घोषणा करणाऱ्यांनी तरुणांना सांगावे. मजकूर एका कंपनीच्या मर्जीवर न राहता अनेक ठिकाणी राहतो, हेही चांगले आहे. पण अशा मंचाकडे लेखकाने मागायचे ते असे : वाचकाचा पैसा आणि वाचकाचे मत यांची फारकत करा. मत देणाऱ्याला नफा देऊ नका. मंचाच्या कारभारात लिहिणाऱ्याला भांडवलावाचून आवाज द्या. मागे घेण्याचा आणि बदलण्याचा हक्क लेखकाच्या हाती ठेवा. आणि ज्याचे नाव घेऊन भांडता येईल असा एक संपादक नेमा.

याच मागण्या आपल्या घरीही कराव्या लागतील. प्रकाशकाने प्रतींचा हिशेब द्यावा, अंकांनी मानधन वेळेवर द्यावे. १९५४ च्या ग्रंथप्रदान कायद्याने प्रत्येक छापील पुस्तकाची प्रत राष्ट्रीय ग्रंथालयात जाते. महाजालावरच्या मराठी लेखनाचा तसा सांभाळ सार्वजनिक संस्थांनी करावा आणि विद्यापीठांच्या मराठी विभागांनी त्यासाठी आग्रह धरावा. हे झाले असते तर आमचे विद्यार्थी टोकनांच्या दारात उभे राहिले नसते. ते तिकडे गेले, याचे उत्तर स्टीमिटच्या संस्थापकांआधी आपण देणे लागतो.